अंतर्गत समितीवर तुमचं नाव आलंय? आदेशापासून अहवालापर्यंत काय करायचं

एक दिवस ऑफिसच्या मेलवर आदेश येतो: 'आपली अंतर्गत समितीच्या सदस्यपदी नियुक्ती करण्यात येत आहे.' सोबत ना नियमावली, ना आधीच्या समितीच्या फायली. वर्ष-दीड वर्ष काहीच घडत नाही. मग एखाद्या संध्याकाळी सहा वाजता कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, 'मॅडम, जरा बोलायचं होतं.' तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो, म्हणून हे आधीच वाचून ठेवा.

ही समिती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करते. तिच्यामागचा कायदा २०१३ चा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा होणारा लैंगिक छळ रोखण्यासाठी, त्याला मनाई करण्यासाठी आणि त्याच्या निवारणासाठी तो झाला, आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. बोलताना सगळे त्याला 'पॉश' म्हणतात. तीस कलमं आणि चौदा नियम, दोन तासांत वाचून होतात. ते दोन तास काढाच. समितीचा निर्णय पुढे कोसळतो तो बहुधा खरं-खोटं चुकल्यामुळे नाही. नोटीस दिली नाही, कोरम (बैठकीला लागणारी किमान उपस्थिती) नव्हता, प्रत दिली नाही, अशा साध्या कागदी चुकांमुळे तो कोसळतो.

१. आदेश हातात घ्या आणि माणसं मोजा

दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे समिती हवीच, आणि तीही लेखी आदेशाने नेमलेली. कंपनीची कार्यालयं पुणे, नाशिक आणि नागपूर अशी तीन ठिकाणी असतील तर समित्याही तीन. मुख्यालयातली एक समिती सगळीकडे चालवून घेणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

अध्यक्ष महिलाच असावी लागते, तीही त्या ठिकाणी वरच्या पदावर काम करणारी. तशी कोणी नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या शाखेतून, तेही जमलं नाही तर दुसऱ्या संस्थेतून घेता येते. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य. एक सदस्य बाहेरची: महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

इथे तीन गोष्टी बिघडतात. मुदत संपून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग मुदतबाह्य समितीने केलेली चौकशी पहिल्याच हरकतीला अडखळते. दुसरी, बाहेरची सदस्य फक्त कागदावर असते, तिला बैठकीला कधी बोलावलेलंच नसतं. तिसरी, एखाद्या सदस्याने नोकरी सोडलेली असते आणि सुधारित आदेश निघालेला नसतो. नाव आल्या दिवशीच या तिन्ही गोष्टी तपासून एचआरला लेखी कळवा.

बाहेरच्या सदस्याचं मानधन मालकाने द्यायचं असतं. नियमांत कामकाजाच्या दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च लिहिला आहे. प्रत्यक्षात या रकमेत कोणी अनुभवी माणूस दिवसभर बसत नाही, आणि जास्त द्यायला कायद्याची आडकाठी नाही. कंपनीच्या नेहमीच्या वकिलालाच 'बाहेरचा सदस्य' म्हणून बसवणं मात्र टाळा. मालकाकडून दर महिन्याला फी घेणाऱ्याच्या तटस्थतेवर पहिलाच आक्षेप येतो.

जुन्या कागदांवर 'अंतर्गत तक्रार समिती' असं नाव दिसेल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात नुसतं 'अंतर्गत समिती' असं आहे.

२. कोण येतं, कुठलं कामाचं ठिकाण येतं

कायम कर्मचारी, रोजंदारीवरच्या, कंत्राटदारामार्फत आलेल्या, प्रशिक्षणार्थी, अप्रेंटिस, बिनपगारी स्वयंसेवक, सगळ्या यात येतात. 'ती आमच्या पगारपत्रकावर नाही' हे उत्तर चालत नाही. हाउसकीपिंगच्या मावशी, कँटीनमधली पोळ्या लाटणारी बाई, तीन महिन्यांसाठी आलेली इंटर्न यांची तक्रार ऐकायची ती तुम्हीच. बँकेत आलेली ग्राहक किंवा रुग्णालयातली रुग्ण यांनाही दाद मागता येते, कारण पीडित महिला नोकरीतच असली पाहिजे अशी अट कायद्यात नाही.

कामाचं ठिकाण म्हणजे फक्त चार भिंती नव्हेत. कंपनीची बस, कामासाठी गेलेला बाहेरगावचा दौरा, ग्राहकाचं ऑफिस, कामानिमित्तची पार्टी, घरून काम करताना चालू असलेला व्हिडिओ कॉल हे सगळं त्यात धरा. रात्री अकराला साहेबांचा 'झोपलीस का?' असा मेसेज आला, तर तो ऑफिसच्या वेळेत आला नाही म्हणून सुटत नाही.

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर थांबा. कारखान्यातली सतरा वर्षांची प्रशिक्षणार्थी, दुकानातली सुट्टीपुरती कामाला आलेली मुलगी अशा प्रकरणात पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) कायदा लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं. 'आधी समितीत बघू, मग ठरवू' असं तिथे करता येत नाही.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर प्रकरण जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातं. घरकाम करणाऱ्या महिलांसाठीही तीच समिती. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. तो आजच काढून ठेवा. तुमच्याकडे चुकून आलेल्या बाईला 'इथे नाही होत' एवढंच सांगून परत पाठवू नका.

३. तक्रार येण्याआधीचं काम

प्रतिबंध म्हणतात तो इथे होतो, आणि नेमकं हेच काम सगळ्यात कमी केलं जातं.

फलक लावा. त्यावर समितीचा आदेश, सदस्यांची नावं, संपर्क आणि लैंगिक छळाचे दंडात्मक परिणाम हवेत. रिसेप्शनच्या काचेमागे इंग्रजीत लावलेला फलक हा निरीक्षकाला दाखवायचा फलक असतो. मराठीत आणि हिंदीत, पंचिंग मशीनजवळ, महिलांच्या चेंजिंग रूममध्ये, स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लावा. तिथे कोणी बघत नसताना नंबर टिपून घेता येतो.

प्रशिक्षणात कलमांची यादी वाचून दाखवू नका, लोक झोपतात. कायद्यात पाच प्रकार आहेत: शारीरिक स्पर्श आणि लगट, लैंगिक संबंधांची मागणी किंवा विनंती, लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं इतर कोणतंही नकोसं वर्तन, मग ते शब्दांतून असो की हावभावांतून. ही पाच नावं सांगून लगेच प्रसंगांवर या. 'मॅडम, आज साडीत एकदम हिरॉइन' हे रोज ऐकवणारा सहकारी. विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळच्या फुलांसोबत येणारे चावट विनोद. सही घेताना बोटं धरून ठेवणारा स्टोअरकीपर. 'कन्फर्मेशन माझ्याच हातात आहे हं' म्हणणारा साहेब. प्रत्येक प्रसंगावर 'हे बसतं का?' असं विचारा आणि लोकांना भांडू द्या.

त्या भांडणात एक वाक्य हटकून येतं: 'पण त्याच्या मनात तसं नव्हतं.' तिथे थांबून नीट समजावून सांगा. मोजलं जातं ते समोरचीला ते नकोसं होतं का. करणाऱ्याचा हेतू निर्णायक नसतो.

कारखान्यात शिफ्ट बदलताना चाळीस मिनिटं मिळाली तरी पुरतात, पण सुपरवायझर आणि कंत्राटदाराचे मुकादम त्यात हवेतच. बहुतेक तक्रारी आधी त्यांच्या कानावर जातात आणि तिथेच 'जाऊ दे ना, संसार आहे त्याचा' म्हणून दाबल्या जातात. हजेरीपत्रकावर सह्या घ्या, वार्षिक अहवालात प्रशिक्षणांची संख्या द्यावी लागते.

कुलूप असलेलं एक कपाट मागून घ्या. त्यात हे तयार ठेवा:

- समितीचा सही-शिक्क्याचा आदेश आणि मुदतीची तारीख
- कायदा व नियम यांची मराठी आणि इंग्रजी प्रत
- कंपनीचं धोरण आणि सेवा नियम किंवा स्थायी आदेश
- तक्रारींची आवक नोंदवही (नाव न लिहिता क्रमांकाने)
- पोचपावती, नोटीस आणि साक्षीदारांना बोलावण्याच्या पत्राचे नमुने
- गोपनीयतेच्या हमीपत्राचे नमुने
- रोजनाम्याची (समितीच्या कामकाजाच्या रोजच्या नोंदीची) वही
- स्थानिक समिती, जवळचं पोलीस ठाणं आणि समुपदेशक यांचे संपर्क

लैंगिक छळाच्या ऑनलाइन तक्रारींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर समितीची नोंदणी झाली आहे का, तेही बघून घ्या. तिथून आलेली तक्रार थेट तुमच्याकडे वळती होते. ज्या ईमेलवर ती येते तो नोकरी सोडून गेलेल्या एचआरचा असेल, तर मुदत संपेपर्यंत तुम्हाला पत्ताच लागत नाही.

४. 'मॅडम, जरा बोलायचं होतं'

ऐका. दार बंद करा, फोन बाजूला ठेवा, पाणी द्या. लगेच मत देऊ नका, 'अगं, तो तसा नाहीये' तर अजिबात नाही. 'आम्ही त्याला बघून घेतो' असं आश्वासनही नको, कारण उद्या तुम्हीच निवाडा करणार आहात. तिला सरळ सांगा की लेखी तक्रार दिल्यावर चौकशी सुरू होते, त्यासाठी मुदत आहे, आणि लिहायला मदत लागली तर समितीने ती करायचीच आहे. हे कायद्यात आहे. मात्र मजकूर तिचाच हवा. शिकलेल्या सदस्याच्या हातून 'अशोभनीय वर्तन केले' असलं गुळगुळीत वाक्य पडतं आणि केस तिथेच पातळ होते. तो काय म्हणाला, कुठे हात लावला, किती वाजता, कोण होतं, हे जसंच्या तसं येऊ द्या. शिवी असेल तर शिवी.

घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत तक्रार यायला हवी. उशीर झाला असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण कारण लेखी नोंदवून. नोकरी जाण्याची भीती, आजारपण, बदलीमुळे पडलेलं अंतर ही कारणं रोजनाम्यात उतरवा. 'मुदतवाढ मंजूर' एवढंच लिहून भागत नाही.

नियमांनुसार तक्रारीच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. एकच प्रत आणली म्हणून तिला झेरॉक्सला पाठवू नका, प्रती ऑफिसमध्ये काढा. ईमेलवर आलेली तक्रार लेखीच समजा, प्रिंटवर तिची सही घ्या. तारीख-वेळेसह पोचपावती त्याच दिवशी द्या.

निनावी पत्र आलं तर त्यावर चौकशी चालवता येत नाही, कारण तक्रार पीडितेची हवी. म्हणून ते फाडून टाकायचं असं नाही. ज्या विभागाचं पत्र आहे तिथे आठवड्याभरात प्रशिक्षण घ्या, समितीच्या सदस्यांनी तिथे चेहरा दाखवा. पुष्कळदा पुढची तक्रार सहीनिशी येते.

त्याच दिवशी आणखी एक पत्र काढायचं: सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याचं. अनेक ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत जुन्या चित्रणावर नवं चढतं. नोटिसा आणि उत्तरं होईतो पुरावा गेलेला असतो. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट घ्याच, पण मूळ चॅट पुसू नका असं तिला सांगा. नंबर, तारीख आणि आधीचे-नंतरचे मेसेज दिसले पाहिजेत. मधलाच एक मेसेज कापून दिला की समोरचा 'संदर्भ वेगळा होता' म्हणतो, आणि कधी कधी तो खरंही बोलत असतो.

पोलिसांत जायचं की नाही हे तिने ठरवायचं. जायचं ठरवलं तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५, पाठलागासाठी कलम ७८ आहे. पोलिसांत गेली म्हणून समितीचं काम थांबत नाही, आणि समितीकडे आली म्हणून पोलिसांचं दार बंद होत नाही.

५. चौकशी चालू असतानाचं संरक्षण

तिने लेखी मागितलं तर समिती मालकाला शिफारस करू शकते: ती आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, या दोघांपैकी एकाची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा (ही तिच्या हक्काच्या रजेशिवायची), आणि तिच्या कामाचा गोपनीय अहवाल त्याने लिहू नये अशी मनाई.

कायदा दोघांपैकी कोणाचीही बदली करू देतो. ऑफिसं मात्र सवयीने तिलाच हलवतात. 'तुझ्याच सोयीसाठी' म्हणून चाकणची मुलगी रांजणगावला गेली की बाकीच्या मुलींना जो संदेश जायचा तो जातो, आणि पुढची तीन वर्षं तुमच्याकडे कोणी फिरकत नाही. आधी तिला विचारा. ती नाही म्हणाली तर त्याला हलवा किंवा दोघांचं रिपोर्टिंग वेगळं करा.

६. समेट, तिने मागितला तरच

चौकशी सुरू होण्याआधी तिच्या विनंतीवरून समेट घडवता येतो. समितीने तो सुचवायचा नाही, आडून आडूनही नाही. पैशांची तडजोड हा समेटाचा आधार होऊ शकत नाही. ठरलेल्या अटी लिहून दोघांना प्रत द्या. त्याने अटी मोडल्या तर ती परत येऊ शकते आणि चौकशी सुरू होते.

ती तक्रार मागे घेते म्हणाली तर एकटीशी बोला. नवऱ्याचा, सासरच्यांचा किंवा विभागप्रमुखाचा फोन आला होता का, हे विचारा आणि उत्तर रोजनाम्यात घ्या.

७. नोटीस आणि मुदती

या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कोणाच्या डोक्यात ठेवू नका:

- तक्रार मिळाल्यापासून कामाचे ७ दिवस: तक्रारीची प्रत प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला
- त्याला कागदपत्रं मिळाल्यापासून कामाचे १० दिवस: त्याचं लेखी उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी
- ९० दिवस: चौकशी पूर्ण
- चौकशी संपल्यापासून १० दिवस: अहवाल मालकाला आणि दोन्ही पक्षांना
- अहवाल मिळाल्यापासून ६० दिवस: मालकाची कारवाई
- शिफारशींपासून ९० दिवस: कोणत्याही पक्षाला अपील

नव्वद दिवसांत होणार नसेल तर का, ते रोजनाम्यात लिहा: साक्षीदार बाळंतपणाच्या रजेवर, प्रतिवादी रुग्णालयात, जे असेल ते. मुदत पाळायची म्हणून शेवटच्या आठवड्यात चार सुनावण्या कोंबणं हा मुदत चुकण्यापेक्षा मोठा दोष ठरतो.

तो कसा, ते गोव्याच्या प्रकरणात दिसतं. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखावर २००९ मध्ये तक्रारी झाल्या, समितीने चौकशी केली आणि त्याला बडतर्फ करण्यात आलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. कारण, समितीने शेवटी शेवटी घाई केली आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं, २००९ च्या मे महिन्यात जिथे होतं तिथपासून सुरू करायला. तक्रार केलेल्या मुलींच्या बाजूने विचार करा: चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. प्रतिवादीला पूर्ण संधी देणं हे त्याच्यावर उपकार म्हणून करायचं नसतं. तिच्या बाजूने लागलेला निकाल टिकावा म्हणून ते करायचं असतं.

८. सुनावणी

कोरम तिघांचा, आणि त्यात अध्यक्ष हव्यातच. अध्यक्ष रजेवर असताना 'आम्ही दोघी-तिघी बसून जबाब घेऊन टाकतो' असं केलं तर तो जबाब वाया. वकील कोणत्याही बाजूने येऊ शकत नाही. एखादा सदस्य प्रतिवादीच्या हाताखाली काम करत असेल, त्याचा नातेवाईक किंवा रोज डबा एकत्र खाणारा मित्र असेल, तर त्याने स्वतःहून बाजूला व्हावं आणि तशी नोंद करावी.

दोघांना समोरासमोर बसवू नका. वेळा वेगळ्या द्या, येण्या-जाण्याचा रस्ताही शक्यतो वेगळा. काचेची केबिन नको. ज्या खोलीत बाहेरून कोण बसलंय ते दिसतं, तिथे साक्षीदार तोंड उघडत नाही.

समितीकडे दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत: साक्षीदाराला बोलावून शपथेवर तपासणं, कागदपत्रं मागवणं. आयटी विभाग 'वरून परवानगी लागेल' म्हणाला तर हे कलम दाखवा, कलम ११.

मग प्रश्न. 'तेव्हाच का नाही ओरडलीस?', 'इतके दिवस काय करत होतीस?', 'आधी तर त्याच्याशी हसूनखेळून बोलायचीस', 'कपडे कोणते होते?' यातला एकही प्रश्न विचारायचा नाही. त्याऐवजी: 'त्यानंतर काय झालं?', 'तुम्ही कुठे उभ्या होतात?', 'हे त्या वेळी कोणाला सांगितलंत का?' घटनेनंतर लगेच मैत्रिणीला केलेला फोन, बहिणीला पाठवलेला मेसेज, मधेच काढलेली रजा, हे सगळं प्रत्यक्ष साक्षीदार नसताना फार मोलाचं ठरतं. असं वर्तन चारचौघांत क्वचितच होतं. 'कोणी पाहिलं नाही म्हणजे सिद्ध नाही' हा हिशेब इथे लागू नाही.

आणि सर्वांना 'तुम्ही' म्हणा. साहेबांना 'तुम्ही बसा ना सर' आणि हाउसकीपिंगच्या मावशींना 'हं, तू सांग' असं समितीच्या तोंडून नकळत जातं. मावशींना तेवढ्यावरून निकाल कळतो.

उलटतपासणीची संधी प्रतिवादीला द्यायलाच हवी, तिलाही त्याच्या साक्षीदारांची. सोपा मार्ग म्हणजे प्रश्न लेखी मागवा, अपमानकारक आणि असंबद्ध प्रश्न कारण लिहून वगळा, उरलेले समितीने विचारा आणि उत्तरांची प्रत त्याला द्या. ही पायरी गाळली की अपिलात पहिला मुद्दा हाच येतो.

जबाब ज्या भाषेत दिला त्याच भाषेत लिहा. मराठीत सांगितलेलं थेट इंग्रजीत टाइप केलं की 'अंगचटीला आला' याचं काहीतरी भलतंच होतं. प्रत्येक पानावर जबाब देणाऱ्याची आणि उपस्थित सदस्यांची सही घ्या. खाडाखोड असेल तिथेही सही.

कोणी सलग तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय आलं नाही तर चौकशी बंद करता येते किंवा एकतर्फी पुढे नेता येते, पण त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

९. निष्कर्ष आणि अहवाल

फौजदारी खटल्यात संशयाच्या पलीकडे सिद्ध व्हावं लागतं. इथे बघायचं ते शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच. तरीही अनेक अहवालांत 'संशयाचा फायदा देण्यात येत आहे' हे वाक्य दिसतं. ते सिनेमातल्या कोर्टातून आलेलं आहे, खोडून टाका.

आरोपांचे मुद्दे पाडा. प्रत्येक मुद्द्यावर ती काय म्हणते, तो काय म्हणतो, कागद काय सांगतात, आणि कोणाचं का पटलं, हे लिहा. 'का' नसेल तर तो अहवाल नाही, नुसतं मत आहे. चारपैकी तीन मुद्दे सिद्ध झाले आणि एक नाही, असं होऊ शकतं, तसंच लिहा. एखाद्या सदस्याचं मत वेगळं असेल तर त्याची वेगळी टिपणी जोडा, सगळ्यांना एकमतावर ओढू नका.

आता सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी. दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत दोघांना द्यायची, त्यावर त्यांचं म्हणणं समितीपुढे मांडायची संधी द्यायची, आणि मगच अंतिम अहवाल करायचा. कलम ११ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे, तरी थेट शिफारस करून मोकळ्या होणाऱ्या समित्या पुष्कळ.

आरोप सिद्ध झाला तर शिफारस सेवा नियमांप्रमाणे. सेवा नियम नसतील तर लेखी माफी, ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणं, नोकरीतून काढणं, समुपदेशन, समाजसेवा असे पर्याय नियमांत दिले आहेत. भरपाई त्याच्या पगारातून वळती करता येते. रक्कम ठरवताना तिला झालेला मानसिक त्रास, हुकलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि त्याची ऐपत बघायची. आकडा कसा काढला ते मांडा: समुपदेशनाची बिलं इतकी, बिनपगारी रजेचे दिवस इतके.

मालकाने यावर वेगळी खातेनिहाय चौकशी पुन्हा पहिल्यापासून बसवायची नसते. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेत, जिचा अंतिम निकाल ऑक्टोबर २०१२ मध्ये लागला, सर्वोच्च न्यायालयाने समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल समजावा असं म्हटलं होतं. दुसऱ्यांदा त्याच बाईला तेच सगळं सांगायला लावणारं एचआर दिसलं तर त्यांना हे दाखवा.

आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी होती असं नाही. पुरावा पुरला नाही एवढ्यावरून तिच्यावर कारवाई करता येत नाही. त्यासाठी दुष्ट हेतू स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. 'खोट्या तक्रारीवर कारवाई होईल' हे वाक्य फलकावर ठळक अक्षरांत छापणारी ऑफिसं आहेत. ते काढायला लावा.

१०. तोंड बंद

तिचं नाव, त्याचं नाव, साक्षीदारांची नावं, कार्यवाहीतला मजकूर, शिफारस, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. फोडणाऱ्याकडून मालक ५,००० रुपये दंड वसूल करू शकतो. कॅलेंडरच्या निमंत्रणात 'पॉश सुनावणी' आणि पुढे नाव असं लिहिणं, ऑफिसच्या सामायिक प्रिंटरवर जबाब छापणं, रोजनाम्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवणं, गळती बहुधा अशीच होते. फायलींना क्रमांक द्या आणि मेलच्या विषयात फक्त तो क्रमांक लिहा.

११. डिसेंबर-जानेवारीचं काम

कॅलेंडर वर्षाचा अहवाल समितीने तयार करून मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा: किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांहून जास्त किती रखडल्या, किती कार्यशाळा घेतल्या, काय कारवाई झाली. तक्रार एकही नसेल तरी शून्य लिहून पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा. कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालातही समितीबद्दलचं निवेदन द्यावं लागतं. जुलै २०२५ पासून आलेल्या, निकाली निघालेल्या आणि नव्वद दिवसांवर रखडलेल्या तक्रारींचे आकडेही त्यात लागतात. दोन्हीकडचे आकडे जुळतात का, ते लेखा विभागासोबत बसून एकदा तपासा.

समितीच नेमली नाही किंवा कायद्याचं पालन केलं नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो, पुन्हा तेच झालं तर दुप्पट, आणि परवानाही जाऊ शकतो. एचआर फाइल पुढे ढकलत असेल तर हे वाक्य उपयोगी पडतं.

अहवाल पाठवला की त्याच दिवशी आदेशावरची मुदतीची तारीख पुन्हा बघा. पुढच्या वर्षात संपत असेल तर नव्या आदेशाचं पत्र दोन महिने आधी टाका, आणि कपाटाची किल्ली नव्या अध्यक्षांच्या हातात सही घेऊन द्या.